गाऱ्हाणं, श्वास आणि दहा सेकंदांची लाट

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि मुंबई थोडक्यात वाचली. मुंबईकरांच्या प्रार्थनेनं वादळ वळलं, असं आजही काही जण ठामपणे सांगतात. मग श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांनी काय देवाचा धावा कमी केला होता? त्यांच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. वादळाची वाट वातावरणाच्या वरच्या थरांतले वारे ठरवतात, गावाची पुण्याई नव्हे. वादळ प्रार्थनेनं वळलं म्हणताना ज्यांचं नुकसान झालं त्यांनाच आपण कमी भाविक ठरवतो, आणि हे मला फार क्रूर वाटतं.

मात्र धावा करणाऱ्याच्या शरीरावर त्याचा परिणाम होतो आणि तो मोजता येतो.

तळकोकणातलं गाऱ्हाणं आठवा. देवळात मानकरी किंवा गुरव एका दमात लांबलचक वाक्य म्हणतो, ‘काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, लेकरांक सांभाळ रे म्हाराजा!’ जमलेली मंडळी एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ पुन्हा तो, पुन्हा मंडळी. वसईच्या चर्चमध्ये रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हटली जाणारी ख्रिस्ती प्रार्थना, अशीच चालते: अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, उरलेली सगळ्यांनी.

या रोझरीचाच अभ्यास इटलीच्या लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी केला. तो २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २३ निरोगी माणसांनी रोझरीतली ‘आवे मारिया’ ही मारियामातेची प्रार्थना लॅटिनमध्ये आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी तो बारा ते सोळाच्या आसपास असतो.

सहाच का महत्त्वाचे? मानेतल्या धमनीत, जबड्याच्या थोडं खाली, दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि ही टोकं लंबमज्जेतल्या, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागातल्या, ‘न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस’ या केंद्राला संदेश पाठवतात. तिथून आज्ञा दोन वाटांनी निघते. व्हेगस चेतातंतू हृदयाची गती जवळपास पुढच्याच ठोक्याला कमी करतो. रक्तवाहिन्या आवळणारी सिम्पथेटिक यंत्रणा मात्र काही सेकंद उशिरा प्रतिसाद देते. त्या उशिरामुळे दाब दुरुस्त होता होता थोडा पलीकडे जातो, मग परत फिरतो आणि सुमारे दहा सेकंदांची एक लाट सतत चालू राहते. हिला मेयर लाट म्हणतात. श्वासामुळेही दाब आणि ठोके वरखाली होतात: आत घेताना ठोके जलद, सोडताना संथ. मिनिटाला सहा श्वास म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. ओटीवरच्या झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारला की तो उंच जातो, तशा या दोन लाटा एकमेकींत मिसळून मोठ्या होतात. बर्नार्दींच्या प्रयोगात दाबाला हृदयानं दिलेला प्रतिसाद, म्हणजे बॅरोरिफ्लेक्सची संवेदनशीलता, वाढली: दाब एक मिलिमीटर पारा बदलला की दोन ठोक्यांमधलं अंतर जितकं बदलतं, ते ९.५ वरून ११.५ मिलिसेकंद झालं.

लॅटिन आणि संस्कृत, दोन्ही शब्दांनी श्वास सारखाच संथ झाला. त्यामुळे अमुक मंत्राच्या ‘विशेष कंपनां’नी ब्लॉकेज विरघळतात वगैरे फॉरवर्ड सरळ डिलीट करावेत. परक्यांनी दुरून केलेल्या प्रार्थनेचीही चाचणी झाली आहे. २००६ साली अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, प्रार्थना झालेल्या आणि न झालेल्या गटांत गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच निघालं. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात ते ५९ टक्के होतं.

घाबरलेला माणूस छातीतल्या छातीत भराभर श्वास घेतो, आणि त्या वेळी ‘शांत हो’ म्हणून तो शांत होत नाही. गाऱ्हाण्यात मात्र सांगणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबावंच लागतं, आणि तो घाई करणारा नसेल तर सगळ्या मंडळींचा श्वास त्याच्या चालीनं चालतो. पुढच्या वादळाच्या इशाऱ्याला निवाऱ्यात जावं लागलं, तर तिथे गाऱ्हाणं जरूर घाला आणि ते सावकाश घाला. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र घरून निघतानाच पिशवीत टाका.