कडू औषध आणि जिभेची हुलकावणी

कडू लागते ते फक्त विरघळलेले औषध. लाळेत न विरघळलेला कण जिभेवरून बेचव निघून जातो. कडूपणा लपवण्याच्या बहुतेक युक्त्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत, आणि धोकाही तिथेच आहे: तोंडात न विरघळणारे औषध पुढे पोटात तरी वेळेवर मोकळे झाले पाहिजे.

1820 साली पेल्तिए आणि कावंतू या फ्रेंच रसायनज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन, म्हणजे आपले कोयनेल, वेगळे काढले. हिवतापावर गुणकारी, पण जहरासारखे कडू. साखरेच्या पाकाने फारसे साधत नाही, कारण पाकात औषध विरघळलेलेच असते. गोडी आधी सरते आणि कडवटपणा घशाशी रेंगाळतो. म्हणून मुलांसाठी पाण्यात जेमतेम विरघळणारे क्विनाइन टॅनेट वापरात आले. त्यात क्विनाइनचे प्रमाण क्विनाइन सल्फेट या दुसऱ्या क्षाराच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे मात्रा तेवढी वाढवावी लागे.

1834 मध्ये पॅरिसला जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट घेतले गेले. पुढे साखरेचा लेप दिलेल्या गोळ्या आल्या, आणि 1950च्या दशकात पॉलिमरचा (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थाचा) पातळ फिल्म लेप. पण गोळी गिळता न येणाऱ्या लहान मुलांना यातले काहीच उपयोगाचे नव्हते.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉलचे. 1940च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या प्रतिजैविकाने विषमज्वराच्या उपचाराचे रूप पालटले, पण चव अतिशय कडू. उपाय म्हणून पामिटिक या मेदाम्लाशी जोडून त्याचा एस्टर, म्हणजे जोडसंयुग, केला. हा पामिटेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून बेचव. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे लायपेज हे मेद पचवणारे विकर तो जोड तोडते आणि मूळ औषध सुटे होते. 1 ग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉलसाठी सुमारे 1.74 ग्रॅम पामिटेट लागतो, तो सस्पेन्शनमध्ये, म्हणजे द्रवात तरंगत्या न विरघळलेल्या कणांच्या रूपात. बाटली नीट हलवली नाही तर पहिला चमचा पातळ आणि शेवटचा भारी जातो.

खरी अडचण स्फटिकांत निघाली. पामिटेटचे ए आणि बी असे दोन स्फटिकप्रकार महत्त्वाचे. बी लायपेजला लवकर वश होतो. ए अधिक स्थिर, त्यामुळे फार सावकाश तुटतो. दळताना किंवा तापवताना बीचा ए होऊ शकतो. 1967च्या एका अभ्यासात दिसले की सस्पेन्शनमध्ये ए जितका जास्त, तितकी रक्तातली औषधाची पातळी कमी. लेबलवरची मात्रा बरोबर, पण मुलाच्या रक्तात औषध पुरेसे नाही! त्यानंतर औषधकोशांत, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथांत, ए प्रकारावर 10 टक्क्यांची मर्यादा आली.

आजच्या काही बालऔषधांत कणांवर पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी, तितके आम्ल जास्त) 5च्या खाली असताना विरघळणाऱ्या पॉलिमरचा लेप असतो. लाळेचा पीएच साधारण 6 ते 7, त्यामुळे तोंडात तो टिकतो आणि जठरातल्या आम्लात सुटतो. मात्र असे औषध मोसंबीच्या रसात किंवा दह्यात कालवले, तर लेप वाटीतच विरघळू लागतो आणि मूल घास थुंकून टाकते. ते साध्या पाण्यातून द्यावे, आणि कालवल्याबरोबर लगेच.