माहिती तंत्रज्ञानातील वाटा कशा फुटल्या

माहिती तंत्रज्ञानात शिरू पाहणाऱ्यासमोर आज डेव्हलपर, टेस्टर, नेटवर्क, डेटाबेस, क्लाउड, सायबर सुरक्षा अशी कामांची लांबलचक यादी येते आणि त्यातले नेमके काय निवडावे हे सुचत नाही. ही पदे कोणी एका बैठकीत आखलेली नाहीत. बहुतेकांच्या मागे त्या त्या काळातली एखादी अडचण आहे आणि ती समजली की त्या कामाचा स्वभावही समजतो.

सुरुवातीला वाटा नव्हत्याच. १९४५-४६ च्या सुमारास एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकासाठी प्रोग्रॅम रचणाऱ्या सहा स्त्रिया मूळ गणित समजून घेत, तारा आणि स्विच जुळवत आणि चुकाही स्वतःच शोधत. पुढे संगणक कार्यालयांत आले, पण यंत्राचा एकेक तास इतका महाग होता की, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्राजवळ फिरकू देणेही परवडेना. प्रोग्रॅमर छापील कागदाच्या चौकटींत ओळी लिहून देई, पंच ऑपरेटर त्या ऐंशी रकान्यांच्या कार्डांवर उतरवी, कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या खोलीत ऑपरेटरकडे जाई आणि छापून आलेला निकाल काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हाती पडे. कोबोल या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेत एखादा पूर्णविराम राहिला, तरी हा सारा फेरा पुन्हा करावा लागे. लिहिणारा आणि चालवणारा यांच्यात तेव्हा उभी राहिलेली भिंत ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोठी विभागणी आहे, कारण पुढची कित्येक पदे तिच्या एका किंवा दुसऱ्या बाजूलाच वाढली.

मोठे प्रकल्प रखडू लागले, तेव्हा १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या कामाला अभियांत्रिकीची शिस्त हवी, हा विचार पुढे आला. दुसऱ्याच वर्षी आयबीएम या संगणक बनवणाऱ्या कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा होण्यास बळ मिळाले. १९७० मध्ये आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचे प्रारूप दिले. त्यावर उभ्या राहिलेल्या डेटाबेसची निगा हे पुढे पूर्णवेळ काम झाले. सुरक्षेची वाट मात्र धक्का बसल्यावर रुंदावली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली आणि त्यानंतर लगेच कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा प्रसंगी धावून जाणारे पथक स्थापन झाले.

लिहिणारा आणि चालवणारा यांच्यामधली भिंत सैल व्हायला बराच काळ जावा लागला. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने द्यायला, म्हणजेच क्लाउड सेवेला, सुरुवात केल्यावर, ज्या यंत्रासाठी पूर्वी आठवडेच्या आठवडे थांबावे लागे, ते प्रोग्रॅमरला काही मिनिटांत स्वतःच उभे करता येऊ लागले. २००९ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे पॅट्रिक दबॉय यांनी भरवलेल्या मेळाव्यातून डेव्हऑप्स, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे (डेव्हलपमेंट) आणि चालवणे (ऑपरेशन्स) एकत्र करण्याची पद्धत, हे नाव रूढ झाले. तेव्हापासून अनेक कंपन्यांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच तो रात्री बंद पडल्यास उठावे लागते. असे काम स्वीकारण्यापूर्वी रात्री उठावे लागेल का, हे जरूर विचारून घ्यावे.

या उलथापालथीत पंच ऑपरेटर नाहीसा झाला. डेटाबेस सांभाळणाऱ्याचे बॅकअप घेण्याचे आणि नवी आवृत्ती बसवण्याचे काम बरेचसे क्लाउड कंपन्यांकडे गेले. पण तक्ते कसे रचावेत आणि एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, इतकी संथ का चालते, हे शोधण्याचे काम त्याच्याकडेच राहिले.