निष्कलंक गर्भसंभव येशूचा नव्हे, मरियेचा

पणजीच्या पांढऱ्याशुभ्र चर्चमध्ये ८ डिसेंबरला ‘निष्कलंक गर्भसंभव’ मातेचं फेस्त असतं. पुष्कळांना वाटतं, हा येशूच्या कुमारीपोटी जन्माचा सण. तसं नाही. हा गर्भसंभव खुद्द येशूच्या आईचा, मरियेचा, तिची आई आन्ना हिच्या उदरातला. ‘निष्कलंक’ म्हणजे पहिल्या क्षणापासून आदिपापाचा, म्हणजे आदाम-एवेपासून सगळ्या माणसांकडे जन्मतः येतं असं मानलेल्या पापाचा, डाग नसलेली. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये कॅथलिकांसाठी हा सिद्धांत घोषित केला. तारखाच बघा ना: ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजले की ८ सप्टेंबर येतो, मरियेचा जन्मदिन, बांद्र्याच्या मतमाउलीच्या जत्रेचे दिवस. येशूचा गर्भसंभव २५ मार्चचा. आणि या शब्दावरून इतर आयांच्या गर्भारपणाला कलंक मानणं तर साफ चूक. आन्नाची गर्भधारणा चारचौघींसारखीच होती.