पेनी तांब्याची की जस्ताची? नाण्याच्या पोटात शिरणारं विज्ञान

१२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अमेरिकेने चलनासाठीची शेवटची पेनी पाडली. पेनी म्हणजे त्यांचं एक सेंटचं नाणं, १७९३ पासून चालत आलेलं. बंद करायचं कारण अगदी व्यवहारी, २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटचं नाणं बनवायला ३.६९ सेंट खर्च येत होता. आता ही बातमी आल्यापासून "तुमच्या सुट्ट्या पैशांत खजिना आहे" छापाच्या व्हिडिओंचा पूर आलाय, ते बघून जुनी पेनी म्हणजे लॉटरीच असं वाटायला लागतं. तसं काही नाहीये. पण चिल्लरमधून जुन्या तांब्याच्या पेनी वेगळ्या काढून साठवणारे लोक अमेरिकेत खरंच आहेत, बँकेतून ५०-५० नाण्यांचे रोल आणून निवडत बसतात, आणि त्यांच्या या उद्योगात जे फिजिक्स आहे ते मला त्या खजिन्यापेक्षा कितीतरी भारी वाटतं.

आधी मूळ गोष्ट. १८६४ पासून १९८२ पर्यंतची पेनी ९५ टक्के तांब्याची होती, वजन ३.११ ग्रॅम. तांबं महागलं म्हणून १९८२ मध्येच, वर्षाच्या मधेच, टांकसाळीने आतलं सगळं जस्त करून टाकलं आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा दिला. नवीन नाण्यात तांबं जेमतेम अडीच टक्के, वजन २.५ ग्रॅम. व्यास तोच, लिंकनचा चेहरा तोच, रंगही तोच. म्हणजे १९८१ पर्यंतची तांब्याची, १९८३ पासूनची जस्ताची, आणि १९८२ ची कुठलीही असू शकते. मधे एक अपवाद १९४३ चा, युद्धात तांबं हवं होतं म्हणून त्या वर्षी पेनी पोलादाच्या केल्या आणि त्यांच्यावर जस्ताचा थर दिला, त्या लोहचुंबकाला चिकटतात. १९४३ ची चुकून तांब्यावर पाडली गेलेली नाणी अतिशय दुर्मिळ आहेत आणि व्हिडिओवाले दाखवतात ती बहुतेक वेळा पोलादाच्या पेनीवर तांबं चढवलेली असतात, चुंबक लावला की लगेच कळतं.

१९८२ ची पेनी ओळखायला वजनकाटाही लागत नाही. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, म्हणजे निकेल, बरोबर ५ ग्रॅमचं असतं. एक पट्टी पेन्सिलीवर मधोमध तोलून धरा, एका टोकाला निकेल आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच अंतरावर १९८२ च्या दोन पेनी एकीवर एक ठेवा. दोन्ही जस्ताच्या असतील तर पट्टी जवळपास सरळ राहते, दोन्ही तांब्याच्या असतील तर ६.२२ ग्रॅम होतात आणि पट्टी पेनीच्या बाजूला झुकते.

पण हजारो नाणी निवडायची तर पट्टी काय कामाची, त्यासाठी मशीन वापरतात आणि ते मशीन नाण्यावरची तारीख वाचत नाही की वजनही करत नाही. त्यात तारेच्या कॉइल असतात, त्यांच्यामधल्या खाचेत एक खात्रीची तांब्याची पेनी नमुना म्हणून अडकवलेली असते आणि शेजारून नाणी एकेक करून घसरत जातात. कॉइलमधून उलटसुलट होणारा करंट वाहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहतं, आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूतून गेलं की धातूत आपोआप गोल गोल फिरणारे करंट तयार होतात, हे शाळेत फॅरेडेच्या धड्यात आलेलं असतं. यांना एडी करंट म्हणतात, फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये ते दाखवून दिले. हे करंट स्वतःचं उलटं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि कॉइलला तो विरोध जाणवतो. नाण्याचा धातू वीज किती चांगली वाहून नेतो त्यावर हा विरोध ठरतो, आणि समोरच्या नाण्याचा विरोध नमुन्याशी जुळला तर मशीन ते नाणं एका डब्यात टाकतं, नाहीतर दुसऱ्या.

आता तुम्ही म्हणाल की जस्ताच्या पेनीवरही तांब्याचा मुलामा आहे, मग मशीन फसत कसं नाही? इथेच खरी मजा आहे. बदलता करंट धातूत किती खोल शिरतो हे फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतो त्यावर, अवलंबून असतं, फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका तो पृष्ठभागाजवळच राहतो. शुद्ध तांब्यात १० किलोहर्ट्झला ही खोली साधारण ०.६६ मिलिमीटर येते. पेनी आहे दीड मिलिमीटर जाड आणि मुलामा सुमारे ८ मायक्रॉनचा, म्हणजे ०.००८ मिलिमीटर! त्यामुळे मशीनच्या दृष्टीने मुलामा जवळपास नसतोच, ते थेट पोटातला धातू बघतं. ही खोली फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, तेव्हा फक्त मुलामाच बघायचा असेल तर सुमारे ७० मेगाहर्ट्झपर्यंत जावं लागेल.

अजून एक. शुद्ध तांब्याची वाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, १०० धरली तर जस्ताची २८ येते. मग ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्ताची किती यावी? सरळ सरासरी काढली तर ९६, पण प्रत्यक्षात येते फक्त ५६ च्या आसपास. एवढ्याशा जस्ताने वाहकता जवळपास निम्मी! कारण अणू रांगेत एकसारखे मांडलेले असले की इलेक्ट्रॉन त्यातून लाटेसारखा न अडखळता जातो, पण तांब्याच्या २९ प्रोटॉनवाल्या अणूंमध्ये ३० प्रोटॉनवाला जस्ताचा अणू कुठेही, अनियमितपणे, बसला की तिथे इलेक्ट्रॉन विखुरतो. अडचण जस्ताची नाही, अनियमितपणाची आहे. म्हणूनच ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची वाहकताही २८ च, म्हणजे शुद्ध जस्ताइतकीच. निम्म्याहून जास्त तांबं घालून फायदा शून्य! मला तरी धातूशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता पैशाचं. जुन्या पेनीत २.९५ ग्रॅम तांबं असतं, तांबं टनाला १०,००० डॉलर धरलं तर एका सेंटच्या नाण्यात जवळजवळ तीन सेंटचं तांबं झालं. "पैसे तिप्पट, रिस्क शून्य" म्हणणारे इथेच थांबतात, पुढचं सांगत नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने पेनी आणि निकेल वितळवायला बंदी घातली, २००७ मध्ये ती कायम केली, मोडल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. देशाबाहेर न्यायलाही मर्यादा आहे. तेव्हा ते तांबं नाण्यातच अडकून आहे. तांब्याच्या नाण्यातून शरीराला "एनर्जी" मिळते म्हणून ती जवळ बाळगा असं सांगणारेही भेटतात, त्याला तर कसलाच आधार नाही.

साठवायच्याच असतील तर कोरड्या जागी ठेवा आणि व्हिनेगर-मीठ लावून चकाकवू नका, काळा थर विरघळतो खरा पण त्याबरोबर नाण्याचा मूळ पृष्ठभागही जातो आणि संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाहीत. जस्ताच्या पेनी वेगळ्या ठेवा. त्यांच्या मुलाम्याला कुठे ओरखडा पडला आणि ओल लागली की तांबं आणि जस्त मिळून छोटी बॅटरीच होते, त्यात जस्त आधी झिजतं आणि नाण्याला आतून खड्डे पडतात. हेच माणसाच्या पोटातही होतं, जठरातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड जस्त खायला लागतं, म्हणून लहान मुलाने पेनी गिळली तर "तांबंच आहे, पडेल बाहेर" म्हणून घरी थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या आणि त्याच्यासारखं दुसरं नाणं घरात असेल तर तेही दाखवायला सोबत घ्या.