कॅलिफोर्नियातील पुनर्वापराचे पाणी : करारांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात जांभळ्या पाईपांचे, म्हणजे शुद्ध करून पुन्हा वापरायचे सांडपाणी नेणाऱ्या पाईपांचे जाळे टाकायचे, तर खोदाईच्या कितीतरी आधी करारांची घासाघीस सुरू होते. सांडपाणी शुद्ध करणारी संस्था एक, घाऊक पाणी विकणारी दुसरी आणि घरोघरी मीटर बसवणारे शहर तिसरे, अशी तिथली रचना आहे. शिवाय त्यांच्या हद्दीही जुळत नाहीत.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हता. 1912 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कला सांडपाणी दिले जाई. शहरही तेच आणि बागही त्याचीच. 1918 मध्ये अशा सिंचनासाठी राज्याचे पहिले नियम आले. लॉस एंजेलिसजवळ 1962 पासून शुद्ध केलेले पाणी जमिनीत मुरवू लागले, तेव्हा मात्र शुद्ध करणारे, तलावांत सोडणारे आणि भूजलाची राखण करणारे वेगवेगळे होते. खरी करारपद्धत इथून रुळली.

1978 चे आणि 2000 मध्ये सुधारलेले नियम गुणवत्तेबाबत नेमके आहेत. बागा, मैदाने, शाळांच्या हिरवळी यांसाठी नेहमीच्या वाळूच्या गाळणीनंतर गढूळपणाची सरासरी 2 एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) आत लागते. कोलिफॉर्म या दूषितता दाखवणाऱ्या जिवाणूंचा सात दिवसांचा मध्यक 100 मिलिलिटरमागे 2.2 हून जास्त चालत नाही. हे आकडे ठरल्यामुळे भांडण गुणवत्तेवरून मालकीवर सरकले.

शुद्ध झालेले पाणी कोणाचे? राज्याच्या जलसंहितेतील कलम 1210 म्हणते, मूळ पाणी पुरवणाऱ्याच्या तुलनेत हक्क प्रक्रिया केंद्राच्या मालकाचा, करारात वेगळे ठरले नसेल तर. सगळा जीव या शेवटच्या अटीत आहे. शहराने लांबून महागडे पाणी विकत आणलेले असते. नागरिकांनी ते वापरून गटारात सोडले की त्यावरचा शहराचा दावा संपतो आणि तेच पाणी पुन्हा पैसे मोजून घ्यावे लागते. म्हणून जाणकार शहरे गटारजोडणीच्या मूळ करारातच आपल्या प्रवाहाच्या प्रमाणात पाणी परत घेण्याचा हक्क लिहून घेतात. ज्यांनी तो लिहून घेतला नाही, त्यांना पुढे वाटाघाटीत फारसे बळ उरत नाही. हे कलम केंद्रमालकाच्या बाजूला झुकलेले आहे, हे मान्य करायला हवे. पण त्यालाही मोकळे रान नाही. नदीत सोडले जाणारे पाणी वळवल्याने प्रवाह घटणार असेल, तर कलम 1211 नुसार आधी राज्याची मंजुरी लागते. खालच्या बाजूचे हक्कदार आणि मासे, दोन्हींचा विचार तिथे होतो.

दुसरी अडचण वेळेची. सांडपाणी वर्षभर जवळपास सारखे येते, तर हिरवळीची मागणी उन्हाळ्यात आणि तीही रात्री, म्हणजे गटारातला प्रवाह सर्वांत कमी असताना. त्यामुळे साठवण टाकी कोणी बांधायची, हे कलम दराइतकेच महत्त्वाचे. टाकीत पाणी फार काळ पडून राहिले की क्लोरीन उतरतो, शेवाळ धरते आणि तुषार सिंचनाची तोंडे तुंबतात. हस्तांतराचे ठिकाण, बहुधा मीटरनंतरचा व्हॉल्व्ह, नकाशावर दाखवले नसेल तर दोष कोणाचा हे ठरतच नाही. इमारतीत पिण्याच्या आणि या पाण्याच्या दोन वेगळ्या नळव्यवस्था असतील, तर दर चार वर्षांनी तरी त्या कुठे जोडल्या गेल्या नाहीत ना, याची चाचणी बंधनकारक आहे. एक व्यवस्था बंद करून दुसरीच्या नळांना पाणी येते का, हे बघावे लागते. हे काम करारात एकाच्या नावावर हवे.

2008 मध्ये ऑरेंज काउंटीत भूजलभरणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला सुमारे 26.5 कोटी लिटरचा. सांडपाण्याची आणि भूजलाची अशा दोन संस्थांनी पहिल्या टप्प्याचा खर्च वाटून घेतला. 2023 पर्यंत क्षमता सुमारे 49 कोटी लिटरवर गेली.

2015 च्या दुष्काळात राज्याने शहरी पाणीवापरात 25 टक्के कपात लादली. घरांत पाणी कमी वापरले गेले, तसे गटारात कमी आले आणि क्षारांचे प्रमाण वाढले. अशा वेळी ठरावीक किमान प्रमाण देण्याचे वचन केंद्राच्या अंगावर येते. म्हणून आकड्याऐवजी 'उपलब्ध प्रवाहाचा अमुक हिस्सा' असे लिहिणे शहाणपणाचे, सोबत क्षारांची मर्यादाही.

1 ऑक्टोबर 2024 पासून थेट पिण्यासाठी पुनर्वापराचे नियम लागू आहेत. त्यात सर्व भागीदारांचा संयुक्त आराखडा आणि उत्तरदायी अशी एकच संस्था अनिवार्य आहे. कारखान्यांनी गटारात काय सोडावे, यावरील नियंत्रणही या साखळीत आले. त्यामुळे आजवर पाणीपुरवठ्याशी थेट संबंध नसलेल्या गटारजाळ्याच्या संस्थांनाही सहीला बसावे लागते.