बार्बाडोसचे पायऱ्यापायऱ्यांनी चढलेले किनारे

कॅरिबियन बेटांच्या माळेपासून बार्बाडोस जरा पूर्वेला, अटलांटिक महासागरात एकटेच बसलेले आहे. सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया ही शेजारची बेटे ज्वालामुखींनी घडवली. बार्बाडोसवर ज्वालामुखी नाही, जरी २०२१ साली सेंट व्हिन्सेंटची राख तिथल्या छपरांवर येऊन पडली. अटलांटिकच्या तळाचा भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकताना त्याच्यावरचा गाळ खरवडला जाऊन साचत गेला आणि त्या ढिगाचा पाण्याबाहेर आलेला माथा म्हणजे हे बेट होय. बेटाच्या सुमारे ८५ टक्के भागावर प्रवाळांच्या चुनखडीचे आवरण आहे.

पश्चिमेची पुळण शांत आणि फिकट रंगाची आहे. ही वाळू मुख्यतः प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असून तिचा काही भाग पोपटमाशांनी शेवाळासोबत कुरतडलेले प्रवाळ घशातल्या दातांनी दळून विष्ठेवाटे टाकलेला असतो. इथे फिरणाऱ्याने मॅन्शिनील हे झाड मात्र ओळखायला हवे. त्याचा चीक इतका दाहक असतो की पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी कातडीवर फोड येतात. म्हणून अनेक ठिकाणी त्याच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला दिसतो.

पूर्वेला बाथशेबा येथे महासागराच्या लाटा अडथळ्याविना येऊन आदळतात. पोहायला ही जागा धोक्याची, पण चालायला उत्तम, कारण १९३७ साली बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग इथे किनाऱ्यालगत जातो. पाण्यात उभे असलेले प्रचंड खडक वरच्या कड्यावरून सुटून आलेली प्रवाळी चुनखडी आहे. त्यांचा पायथा केवळ लाटांनी झिजलेला नाही: शेवाळ खाणारे कवचधारी प्राणी आपल्या कठीण, दातेरी जिभेने खडकही खरवडतात आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खोल खाच पडत जाते.

खरी गंमत किनारा सोडून आत चालू लागल्यावर कळते. जमीन सपाट राहत नाही, ती पायऱ्यांनी चढते, आणि यातली प्रत्येक पायरी म्हणजे एकेकाळी समुद्रालगत वाढलेली प्रवाळभिंत आहे. बेट हजार वर्षांत जेमतेम काही डझन सेंटिमीटर या वेगाने वर येत असताना समुद्राची पातळी हिमयुगांनुसार खालीवर होत राहिली. पातळी उंचावली की नवी प्रवाळभिंत तयार होई आणि पुढच्या चढापर्यंत ती जमिनीसोबत वर गेलेली असे. प्रवाळातील युरेनियम ठरावीक गतीने थोरियममध्ये बदलते, त्यावरून वय काढणाऱ्या युरेनियम-थोरियम पद्धतीने खालच्या तीन ठळक पायऱ्यांचे वय साधारण ८२ हजार, १ लाख ५ हजार आणि १ लाख २५ हजार वर्षे निघाले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात हे आकडे पृथ्वीच्या कक्षेतील आणि अक्षातील बदलांशी जुळवून दाखवण्यात आले, तेव्हा अशा बदलांमुळेच हिमयुगे येतात-जातात, या सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलानकोविच यांच्या सिद्धान्ताला मोठे बळ मिळाले.

उतरलेल्या समुद्राचा पुरावा अर्थातच जमिनीवर सापडणार नव्हता. तो बेटाच्या दक्षिणेला समुद्रतळाशी भोके पाडून काढलेल्या प्रवाळांतून मिळाला. ‘अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा’ हे प्रवाळ बहुतांशी पाच मीटरपेक्षा उथळ पाण्यात वाढत असल्याने, ते ज्या खोलीवर सापडते तिथे जवळपास त्या काळची समुद्रसपाटी होती असे मानता येते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीनुसार शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता.