हळदीचं चित्र, कावेची भिंत

वरण सांडलेला शर्ट साबणानं घासला आणि पिवळा डाग लालभडक झाला, हे प्रत्येक घरात कधी ना कधी घडतंच. उन्हाळ्यात वसमतला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाचीनं या डागाचं चित्रच केलं. हळदीच्या गावात हळदीला काय तोटा! पाण्यात हळद कालवली, बाभळीचा डिंक घातला (ही अक्कल आजीची) आणि कार्डशीटवर भलामोठा सूर्य रंगवला. मग आजीच्या चंचीतल्या चुन्यात काडी बुडवून त्यावर रेघा ओढल्या. काडी फिरली तिथं कुंकू उमटलं.

"मामा, चुना तर पांढराय. मग हे लाल कसं काय?"

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. या लांबट रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. ती निळा प्रकाश गिळते. उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. चुना, साबण, सोडा असं काही अल्कधर्मी भेटलं की रेणूतला हायड्रोजन सुटतो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि आता हिरवा प्रकाशही गिळला जातो. म्हणून लाल. पूर्वापार कुंकू होतं ते याच युक्तीनं. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं.

भाचीनं कोऱ्या चहाचे ढगही काढले होते. वाळल्यावर प्रत्येक ढगाला गडद किनार आली, ती तिनं काढलेली नव्हती. थेंबाचं पाणी कडेला लवकर उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि येताना रंगाचे कण घेऊन येतं. टेबलावर कपाचं कडं उमटतं तेही असंच. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी 1997 साली याची नीट उकल केली. तोवर जग नुसतं टेबल पुसत होतं.

चित्र खिडकीत लावलं. पंधरा दिवसांत रेघा विटल्या आणि सूर्य फिका पडला. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची चुनखडी होते, तिच्यात लाली धरून ठेवण्याइतका जोर नसतो. आणि ऊन तर कर्क्युमिनची साखळीच तोडतं. म्हणून तर घरोघरच्या बाया हळदीचा डाग घासत बसत नाहीत, साडी उन्हात टाकतात.

त्याच अंगणात बहिणीच्या सासऱ्यांनी लावलेला कावेचा पट्टा मात्र कित्येक उन्हाळे खाऊन तसाच आहे. काव म्हणजे लोहाचं ऑक्साइड, थोडक्यात गंज. जे आधीच गंजलंय, त्याचं ऊन-वारा आणखी काय बिघडवणार?

अजिंठ्याच्या चित्रकारांनी याच मातीवर भरवसा ठेवला. लाल काव, पिवळी पिवडी, काजळीचा काळा, बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती. लांबून आला तो निळा लाजवर्द, अफगाणिस्तानातून. खाली भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे कालवलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग. आपल्या माळवदाच्या घराचाच थाट की!

पण दगा दिला तो याच सोयऱ्यांनी. रंग टिकले; गिलाव्यातला भुसा-धागा किड्यांनी खाल्ला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे सापडलेत, आणि किड्यांना ते मानवत नाहीत असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. अजिंठ्यात भांग नव्हती. वर 1920 च्या दशकात निजाम सरकारनं इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं व्हर्निश चढवलं, जे पुढे पिवळं पडलं. हेतू चांगला होता, पण लाख म्हणजे शेवटी कीटकांचा चिकच.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीला पिवडीचा एक खडा दिला आणि निखाऱ्यात ठेवायला सांगितला. पिवडीतल्या लोहाच्या संयुगात पाणी बांधलेलं असतं. ते तापून निघून गेलं की काव उरते. तासाभरानं तिनं चिमट्यानं खडा बाहेर काढला, फुंकर मारली. विटेसारखा लाल.

"मामानं हळद संपवली," बहीण आतून म्हणाली, "आता अंगणातली माती तरी ठेवा."